झाबुआच्या कडकनाथ पाड्यांवर : सेंद्रिय कुक्कुटपालकांसाठी प्रवासाचा वृत्तांत

प्रतिजैविकांवाचून कोंबड्या सांभाळायच्या, तर रक्ती हगवण (आतड्यातील परजीवीचा रोग) आणि ई. कोलाय, साल्मोनेला हे रोगजंतू यांना आवरायचे कशाने, या प्रश्नापायी आमचा गट धुळ्याहून सेंधवा, बडवानी, कुक्षी या मार्गाने मध्य प्रदेशातील झाबुआला गेला. कडकनाथला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते याच जिल्ह्याच्या नावाने, आणि येथील भिल्ल कुटुंबे ही कोंबडी पिढ्यान्‌पिढ्या परसात पाळत आली आहेत. रेल्वेने येणाऱ्यांनी दाहोद आणि रतलामच्या मधल्या मेघनगरला उतरावे. मात्र तेथे सगळ्या गाड्या थांबत नाहीत. होळीआधीच्या भगोरियाच्या आठवड्यात मुळीच जाऊ नये, कारण त्या दिवसांत सारे पाडे हाटात असतात. आम्ही मुद्दाम पावसाळा निवडला. रक्ती हगवणीचा खरा जोर तेव्हाच असतो.

कडकनाथची मादी सहसा खुडूक (अंडी उबवायला) बसत नाही, म्हणून तिची अंडी दुसऱ्या गावठी कोंबडीखाली ठेवली जातात. एका अंगणात अशी पाळक-आई उकिरडा उकरत होती आणि काळी पिल्ले तिच्या पायांजवळची माती व विष्ठा टिपत होती. पाहायला किळसवाणे वाटले तरी रोगनियंत्रणाचे मर्म तेथेच आहे. इन्क्युबेटरमधून निघालेल्या पिल्लाचे आतडे जवळजवळ रिकामे असते आणि त्यात जो जंतू आधी शिरेल तो ठाण मांडतो. 1973 मध्ये फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला यांनी हेच दाखवून दिले: निरोगी प्रौढ कोंबडीच्या आतड्यातील जंतू नवजात पिल्लांना दिले, तर साल्मोनेलाला तेथे जागा मिळत नाही. आपल्या शेडमध्ये आई नसते, तेव्हा पहिल्या पाण्यापासूनच खात्रीचे प्रोबायोटिक (उपयुक्त जंतूंचे मिश्रण) द्यावे. ताजे ताक पाजायला हरकत नाही, पण त्यातले जंतू आतड्यात कायमचे वस्ती करत नाहीत, म्हणून ते अधूनमधून देत राहावे लागते. प्रौढ कोंबडीची विष्ठा मात्र कोणी आपल्या हाताने पिल्लांना चारू नये. तिच्यासोबत कृमी आणि रोगही येतात.

रक्ती हगवणीचे गणित वेगळे आहे. विष्ठेतून पडलेल्या परजीवीच्या बीजकोशांना ओल, ऊब आणि हवा मिळाली की ते एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात. थोडे पोटात गेले तर पिल्लाची प्रतिकारशक्ती तयार होते, भाराभार गेले तर आंधळ्या आतड्यात रक्तस्राव होऊन मरतुक सुरू होते. तीन ते सहा आठवड्यांचे वय सर्वांत धोक्याचे. म्हणूनच येथील एका शेडमधील ड्रिंकर (पाण्याची भांडी) पाहण्यासारखे होते: विटांवर जाळी, जाळीवर ड्रिंकर, आणि त्याची कड बरोबर पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला, त्यामुळे सांडलेले पाणी जमिनीवर अंथरलेल्या तुसात न मुरता जाळीखाली जात होते. शेडमालकाने तूस मुठीत आवळून दाखवले. मूठ उघडताच ते सुटे झाले. गोळा तसाच राहिला, तर तूस उलथून सुकवावे, ड्रिंकरभोवतीचे ओले तूस काढून टाकावे.

ओवा, लसूण आणि हळद यांचा बोलबाला सर्वत्र असतो. ओव्यातील थायमॉल जंतुनाशक आहे, लसणाचाही काही उपयोग होतो, पण माझ्या मते कोरडे तूस आणि सुरुवातीलाच दिलेले चांगले जंतू यांच्यानंतरच त्यांचा नंबर लागतो. त्यापेक्षा थोडे अख्खे धान्य मोलाचे: त्याने पेषणी (दाणे दळणारा पोटाचा भाग) बळकट होते, अन्न तेथे अधिक वेळ आम्लात राहते आणि बरेच जंतू पुढे जाण्याआधीच मरतात. लहान पिल्लांना मात्र अख्खे दाणे न देता भरडाच द्यावा. पाण्यात व्हिनेगर घालायचे असल्यास लिटरला सुमारे 5 मिली पुरे. भांडे प्लॅस्टिकचे हवे, जस्ताचे नको. पाण्यातून राणीखेत रोगाची लासोटा लस देण्याच्या दिवशी व्हिनेगर आणि क्लोरीन दोन्ही बंद ठेवावे. बाजारातील स्टार्टर खाद्यात बहुधा रक्ती हगवणीविरोधी औषध मिसळलेले असते, तेव्हा सेंद्रिय प्रमाणपत्र हवे असणाऱ्यांनी पोत्यावरील मजकूर वाचूनच खरेदी करावी.

साल्मोनेलाच्या पांढऱ्या हगवणीपुढे मात्र काढे चालत नाहीत. ती अंड्यातून पिल्लात उतरते, म्हणून हॅचरीकडे पैदाशीच्या कळपाच्या तपासणीचा दाखला मागावा. कळप खरोखर आजारी पडला तर पशुवैद्यकाचे औषध टाळू नये. त्या पक्ष्यांवरचा सेंद्रिय शिक्का गेला तरी चालेल, त्यांना तडफडत ठेवणे सेंद्रिय नियमांतही बसत नाही.

झाबुआच्या कृषी विज्ञान केंद्रात आधी फोन करून जावे. पिल्ले हवी असल्यास मागणी आगाऊ नोंदवावी, आणि भेटीच्या वेळी हौसेने उचललेली एक-दोन पिल्ले गाडीत घालून आणू नयेत. पाड्यावर धुतलेल्या चपला आणि स्वच्छ कपडे घालूनच शिरावे, आणि परत आल्यावर तेच कपडे, तीच पादत्राणे घालून आपल्या शेडमध्ये पाऊल ठेवू नये.