चालणारं एकच मशीन

31 मार्चला पतसंस्थेत काय धांदल असते, ते तिथं काम करणाऱ्यालाच विचारावं. त्या दिवशी सकाळी साडेदहाला मॅनेजरसाहेबांचा फोन आला, "अहो, व्याज आकारणीच गायब झालीय. असाल तसे या."

गायब म्हणजे व्याज आकारणीचा प्रोग्रॅमच अँटीव्हायरसनं उचलून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित फाइली डांबायच्या कोठडीत टाकलेला. चौदापैकी तेरा मशीनवर तोच इशाऱ्याचा लाल चौकोन. हा प्रोग्रॅम कोल्हापूरच्या एका प्रोग्रॅमरनं व्हीबी सिक्स या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला, आठ वर्षं बिनबोभाट चाललेला. फाइल लहान व्हावी म्हणून त्यानं ती यूपीएक्स नावाच्या पॅकरनं, म्हणजे फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनानं, दाबून दिली होती. व्हायरस लिहिणारेही आपला कोड झाकायला असलेच पॅकर वापरतात. त्यात फाइल कुणाची ते पटवणारी डिजिटल सही नाही, वापरणारे मोजके. रात्रीच्या अपडेटनंतर अँटीव्हायरसला संशय आला, बस्स.

खोटा गजर, असं मी तिथंच ठरवून टाकलं. असं मोठमोठ्यांचं होतं, हे डोक्यात पक्कं होतं. 21 एप्रिल 2010 ला मॅकॅफी या अँटीव्हायरसच्या 5958 क्रमांकाच्या अपडेटनं विंडोज एक्सपीची स्वतःचीच एसव्हीसीहोस्ट फाइल व्हायरस ठरवली होती आणि ठिकठिकाणचे संगणक पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत बसले होते. तिथं आमच्या पतसंस्थेच्या प्रोग्रॅमची काय कथा?

साहेबांचं म्हणणं सोपं होतं, "तीन नंबरच्या काउंटरवर चालतंय ना? तिथली कॉपी घ्या आणि टाका सगळीकडे. अन् ते अँटीव्हायरस आजच्या दिवस बंद ठेवा." बाहेर ठेवीदार पासबुकं घेऊन उभे. मी तीन नंबरवरून फाइल पेनड्राइव्हवर घेतली, माझ्या लॅपटॉपला लावली. तिथंही लाल चौकोन. येणारच, म्हणून मी 'अनुमती द्या'वर माउस नेलासुद्धा.

तेवढ्यात नावाकडे लक्ष गेलं. तेरा मशीनवर जे नाव होतं त्यात 'हेयुरिस्टिक' आणि 'जेनेरिक' असले शब्द होते, म्हणजे नुसता अंदाज. इथं एका खऱ्याखुऱ्या व्हायरसचं नाव स्पष्ट लिहिलं होतं: सॅलिटी.

हात मागे घेतला. कोल्हापूरला फोन करून त्या प्रोग्रॅमरकडची मूळ एक्सई, म्हणजे प्रोग्रॅमची चालणारी फाइल, मेलवर मागवली आणि विंडोजमधल्याच सर्टयुटिलनं तिन्ही फाइलींचा एसएचए-256 हॅश, म्हणजे फाइलीचा बोटाचा ठसाच म्हणा, काढला. क्वारंटाइनमधली आणि मूळ फाइल, अक्षर न् अक्षर सारखी. तीन नंबरची वेगळी, आकारानंही मोठी. सॅलिटी दुसऱ्याच्या एक्सईला चिकटतो, पेनड्राइव्हवरून फिरतो आणि अँटीव्हायरसचा गळा आधी दाबतो. म्हणून तर त्या मशीनवर सगळं 'नीट' चालत होतं! तिथला अँटीव्हायरसचा आयकॉन राखाडी पडला होता. काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, "ते बरेच दिवस तसंच आहे, पण मशीन चालतंय म्हणून मी काही बोलले नाही." त्यांना काय बोलणार? मी स्वतः गेल्या महिन्यात तिथं येऊन प्रिंटर दुरुस्त करून गेलो होतो.

मूळ आणि तीन नंबरची, दोन्ही फाइली व्हायरसटोटल या साइटवर तपासल्या, तिथं एकच फाइल अनेक अँटीव्हायरस इंजिनं तपासतात. नुसत्या एक्सई, खातेदारांचा डेटा तिथं चुकूनही चढवायचा नाही, कारण चढवलेली फाइल इतरांनाही मिळू शकते. मूळ फाइलीवर चारपाच इंजिनांनी बोट ठेवलं, तीन नंबरच्या फाइलीवर जवळजवळ सगळ्यांनी.

मग तेरा मशीनवर फाइल क्वारंटाइनमधून परत आणली, सूट फक्त तेवढ्या एका फाइलीला दिली, अख्ख्या डी ड्राइव्हला नाही. अँटीव्हायरसच्या कंपनीला नमुना पाठवला. तिसऱ्या दिवशी त्यांनी चूक मान्य करून अपडेट दिलं.

"म्हणजे बोंबलत होती ती तेरा धडधाकट, अन् गप्प होतं तेच आजारी?" साहेबांनी दोनदा विचारलं.

व्याज रात्री पावणेबाराला लागलं. तीन नंबर फॉरमॅट करायला सकाळी येतो म्हणालो. तोवर कुणी हळूच जोडू नये, म्हणून त्याची लॅनची वायर काढून खिशात घालूनच घरी गेलो.