सात नंबरची अंगठी

लग्नाला दोन महिने असताना मी हिच्यासाठी हिऱ्यांची अंगठी ऑनलाइन मागवली. माप विचारलं तर ही म्हणाली, "सात." मी सात निवडला, पैसे भरले आणि मोकळा झालो.

अंगठी आली ती बोटाच्या पेरावरच अडली. हिने जो तक्ता बघून माप काढलं होतं तो अमेरिकन. तिकडचा सात म्हणजे आपल्याकडचा चौदा! बोटाचा घेर मिलिमीटरमध्ये मोजून त्यातून ४० वजा केले की साधारण आपला नंबर येतो, हे मला नंतर कळलं.

लक्ष्मी रोडवर नेहमीच्या सराफकाकांकडे गेलो, म्हटलं थोडी वाढवून द्या. त्यांनी भिंग लावून अंगठी फिरवून बघितली. "अहो, हिला सगळीकडून हिरे. कापू कुठं?" अर्ध्याच गोलाला हिरे असते तर खालून कापून सोनं घालता आलं असतं. मग मापाच्या कड्यांचा जुडगा काढून हिच्या बोटात दोन-तीन कड्या घातल्या. "चौदा." दोन मिनिटं लागली, एक पैसा घेतला नाही. आधी जायला काय झालं होतं मला? (पट्टी रुंद असेल तर माप किंचित सैल घ्या.)

खरा वैताग पुढे. साइटवर 'पंधरा दिवसांत परत' असं ठळक लिहिलेलं. फोन केला तर, "सर, आत तारीख कोरलीये, पर्सनलाइज्ड प्रॉडक्ट रिटर्न होत नाही." कोरणं फुकट होतं म्हणून तर मी टिक केलं होतं! '४८ तासांत कळवतो' हे तीन वेगवेगळ्या मुलांनी तीनदा ऐकवलं, आणि प्रत्येकाला मी पहिल्यापासून कथा सांगितली. मधली ती होल्डची धून आता मी झोपेतही ओळखेन. नवव्या दिवशी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी कंपनीचाच फोन: नवीन करून देऊ, घडणावळ मात्र पुन्हा भरा. चडफडत भरली.

एक राहिलंच, जाहिरातीतले ०.४४ कॅरेट म्हणजे एक हिरा नव्हे. २२ खड्यांची ती बेरीज, एकेक खडा दोन सेंटचा (सेंट म्हणजे कॅरेटचा शंभरावा भाग). हिरे नैसर्गिक की लॅबमधले, हे सर्टिफिकेटवर वाचा, फोटोखालच्या वर्णनात नको. आणि परत विकताना किती मिळणार ते आधीच लेखी घ्या.

दुसरी अंगठी लग्नाच्या अकरा दिवस आधी आली. डबा मोबाइलचा कॅमेरा चालू ठेवून फोडला. आत १८ कॅरेट सोन्याचा ७५० हा आकडा (हजारात ७५० भाग सोनं) बघितला, एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा सहा अक्षर-आकड्यांचा हॉलमार्क नंबर, सरकारी बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून जुळवला, बिलावर ३ टक्के जीएसटी तपासला. मग हिच्या बोटात सरकवली. बसली.

तारीख या वेळी कोरून घेतली नव्हती.