कागद माहेरचे, नाव सासरचं

परवा वहिनीचा फोन आला, म्हणाली ताई ग्रामपंचायतीचा आपला वॉर्ड ह्यावेळी जनरल निघाला, म्हणजे बायकांसाठी राखीव राहिला नाही. आणि गावात लगेच सुरू झालं की चला, आता बायकांचं काम संपलं, आता गडी माणसं बघतील. मला ते ऐकून इतका राग आला ना, की तेव्हाच ठरवलं एकदा हे सगळं लिहून काढायचं, कारण ती 2021 ला कशी उभी राहिली ते मी जवळून बघितलंय आणि "आरक्षण आहे, आता बायकांना काय अडचण" असं म्हणणाऱ्यांनी ते ऐकायलाच पाहिजे.

डिसेंबर 2020. आमचा वॉर्ड ओबीसी महिलेला सुटला होता. दादाने आणि त्याच्या दोन मित्रांनी ओट्यावर बसून ठरवलं की वहिनीला उभं करायचं, तिला विचारलं सगळ्यात शेवटी, पण विचारल्यावर ती हो म्हणाली ते अगदी मनापासून. बचत गटाचं दप्तर ती सहा वर्षं सांभाळत होती, वस्तीवर पाणी कुठल्या व्हॉल्व्हवर अडतं हे तिला पाठ.

मग कागद सुरू झाले. जात वडिलांकडून धरतात, म्हणजे बाई सासरच्या गावात उभी राहणार, मतदार यादीत नाव सासरचं, आणि जातीचा दाखला माहेरच्या नावाचा. दोन्ही नावांची बाई एकच आहे हे दाखवायला लग्नाचं सर्टिफिकेट आणि ॲफिडेव्हिट. त्यावर जात पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पावती फॉर्मला जोडायची आणि निवडून आल्यावर 12 महिन्यांत व्हॅलिडिटी, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याचं समितीचं सर्टिफिकेट, द्यायची, नाही दिली तर पद गेलं. ओबीसीसाठी पुरावा लागतो 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा. आता 1967 च्या आधी शाळेत गेलेलं कोण, तर फार तर वडील, आजोबा, चुलत आजोबा. आजी शाळेत गेलेलीच नाही, आणि गेली असती तरी तो पुरावा दुसऱ्या घराण्याचा. वहिनीचे आजोबा शाळेची पायरी न चढलेले, म्हणून मग कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल शोधायला 90 किलोमीटरवर तिच्या माहेरच्या तालुक्याला आम्ही दोघी तीनदा गेलो, एकदा साहेब मीटिंगला, एकदा रेकॉर्ड रूमची किल्ली ज्याच्याकडे तो रजेवर, तिसऱ्यांदा रजिस्टर मिळालं तर नेमकी ती पानं वाळवीने खाल्लेली.

खरं तर सोपा रस्ता होता. तिच्या सख्ख्या भावाची व्हॅलिडिटी त्याच्या इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनच्या वेळीच झालेली. वडिलांकडच्या जवळच्या नातेवाइकाची व्हॅलिडिटी असली की काम खूप हलकं होतं, एक झेरॉक्स आणि वंशावळीचं ॲफिडेव्हिट. आम्ही त्याच्या दारात गेलो. चहा झाला, गप्पा झाल्या आणि मग तो शांतपणे म्हणाला, "अक्का, ते हक्कसोडचं राहिलंय बघ, तेवढं उरकून टाकू, मग हे पण देतो."

वहिनी काहीच बोलली नाही. दोन दिवसांनी जाऊन वडिलांच्या जमिनीतला हिस्सा सोडल्याची सही करून आली आणि झेरॉक्स घेऊन आली. गावच्या ग्रामपंचायतीत एक साधी मेंबर व्हायला एका बाईने तिची जमीन दिली, हे कुठल्या निवडणूक खर्चाच्या हिशोबात लिहायचं ते मला आजपर्यंत कळलं नाही.

फॉर्म भरताना साइट इतकी अडकत होती की शेवटच्या दिवशी, 30 डिसेंबरला, कागदावरचे अर्जही चालतील असं राज्य निवडणूक आयोगाने सांगितलं म्हणून आमचा फॉर्म गेला. 15 जानेवारीला मतदान, 18 ला निकाल, वहिनी आली निवडून.

आपल्या राज्यात बायकांना ग्रामपंचायतीत 1990 पासून 30 टक्के जागा, 73 व्या घटनादुरुस्तीने तिसरा हिस्सा पक्का झाला, 2011 पासून निम्म्या. हे मोठं काम आहे, ते नसतं तर वहिनीला कोणी विचारलंच नसतं. पण जागा बाईची असली तरी तिथपर्यंत पोचायचे आणि टिकायचे कागद बघा ना, सगळे दुसऱ्या कोणाच्या तरी हातात. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालं तर अपात्र. मुलगा पाहिजे म्हणून तिसरं होऊ देणं हा किती घरांत बाईचा निर्णय असतो? आणि पद जातं तिचं. अतिक्रमणाचं पण तसंच. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या सरपंच मनीषा पानपाटील यांना सासूच्या सरकारी जागेवरच्या घरात राहतात असं म्हणून अपात्र ठरवलं. त्या सांगत होत्या की आम्ही वेगळे भाड्याने राहतो, तरी कलेक्टर, विभागीय आयुक्त, हायकोर्ट, कुठेच दाद लागली नाही, शेवटी सप्टेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांचं पद परत दिलं, आणि गावाला बाई सरपंच पचली नाही ह्यावर स्पष्ट बोट ठेवलं. पण सुप्रीम कोर्टापर्यंत किती जणी जाणार!

आणि जिथे पैसा बोलतो तिथे तर बाई, गरीब, मागास असं कोणीच बसत नाही. त्याच 2021 च्या निवडणुकीत देवळा तालुक्यातल्या उमराण्यात मंदिराच्या नावाने सरपंचपदाचा लिलाव झाला, बोली दोन कोटींच्या वर, नंदुरबारच्या खोंडामळीतही लिलाव. आयोगाने दोन्ही ठिकाणची निवडणूक रद्द केली ते बरं झालं. गावोगाव "बिनविरोध" म्हणून जे कौतुक चालतं ना, त्यातल्या प्रत्येकात कोणाला गप्प बसवलं हे एकदा विचारून बघा.

हरलेल्या बायकांचं तर कोणी बोलतच नाही. आमच्या वॉर्डात वहिनीसमोर उभी असलेली शेतमजुरी करणारी बाई, तिला पॅनलवाल्यांनी उभं केलं, हरल्यावर तिच्याकडे फिरकले पण नाहीत. निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशोब द्यावा लागतो हे तिला कोणी सांगितलंच नाही. न देणाऱ्याला 5 वर्षांपर्यंत निवडणूक बंद होऊ शकते. वहिनीला हे कळलं तेव्हा ती स्वतः तिच्या घरी जाऊन बसली, पावत्या जुळवल्या, हिशोब भरून दिला. दादा चिडला होता, विरोधकाला कशाला मदत म्हणून. वहिनी म्हणाली, ती पण माझ्यासारखीच उभी राहिली होती.

पहिलं वर्ष अवघड गेलं. मीटिंगचा निरोप दादाच्या फोनवर यायचा, रजिस्टर सहीला घरी यायचं. एकदा ती म्हणाली सही मीटिंगमध्येच करणार, वाचून करणार, आणि रजिस्टर तसंच परत पाठवलं. त्यानंतर निरोप तिच्या फोनवर यायला लागला. व्हॉल्व्हचं काम झालं, वस्तीवर दिवसाआड पाणी येतं आता.

तर परवा मी तिला विचारलं, वहिनी मग आता काय करायचं, बसायचं का घरी? तर ती म्हणाली, "नाही ताई, जनरलमधूनच भरते फॉर्म. जनरलला व्हॅलिडिटी लागत नाही ना, म्हणजे ह्यावेळी भावाच्या दारात जायला नको."