टॉवेलाच्या शिवणीतला टॅग

सोलापुरातील यंत्रमाग कारखान्यांच्या गोदामांत चादरी आणि टॉवेलांचे गठ्ठे एकावर एक रचलेले असतात, आणि साठ्याची मोजणी करताना ते उतरवून प्रत्येक नगाचा बारकोड शोधावा लागतो. हे कष्ट वाचवणाऱ्या आरएफआयडी टॅगकडे, म्हणजे रेडिओ लहरींनी नगाची ओळख पटवणाऱ्या छोट्या पट्टीकडे, येथील व्यापाऱ्यांनी गांभीर्याने पाहावे, असे मला मनापासून वाटते.

या कामासाठीच्या नेहमीच्या टॅगमध्ये बॅटरी नसते. रीडरकडून, म्हणजे टॅग वाचणाऱ्या यंत्राकडून, येणाऱ्या रेडिओ लहरींतूनच त्यातील इवलीशी चिप ऊर्जा घेते आणि आपला क्रमांक परत पाठवते, त्यामुळे टॅग डोळ्यांसमोर नसला तरी काही मीटर अंतरावरून अनेक नगांची नोंद एकाच वेळी होते. भारतात यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा वापरतात.

दुकानांच्या दारांत दिसणारी चोरीविरोधी चौकट बहुधा वेगळ्या तत्त्वावर चालते. तिचा ८.२ मेगाहर्ट्झचा साधा टॅग केवळ आपले अस्तित्व कळवतो, आणि पैसे भरल्यावर तो निष्क्रिय केला जातो. कोणता नग बाहेर गेला हे आरएफआयडीच सांगू शकते, आणि चोरीचा माग काढताना नेमकी हीच माहिती मोलाची असते.

धातूचे रॅक आणि ओलावा आरएफआयडीच्या लहरींना अडथळा आणतात, हे मात्र खरेदीपूर्वीच तपासावे.

हॉटेलांना जाणाऱ्या टॉवेलांसाठी धुलाई व इस्त्री सहन करणारे टॅग मिळतात. ते आपल्याच कारखान्यांत, काठ शिवतानाच बसवता येतील.