बेकन्ट्री: कामगारांसाठी वसवलेलं बागांचं गाव

पूर्व लंडनमध्ये भाड्याचं घर शोधणाऱ्या आपल्या मंडळींना डॅगनम हे नाव आता पाठ झालंय. पण तिथली कितीतरी घरं बेकन्ट्री या एकाच वसाहतीतली आहेत, हे फारसं कुणी सांगत नाही.

पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा ईस्ट एंडमधली कामगार कुटुंबं दाटीवाटीनं राहत होती. परतलेल्या सैनिकांना चांगली घरं देऊ, असं सरकारनं वचन दिलं आणि १९१९ मध्ये तसा कायदाही केला. लंडन काउंटी कौन्सिलनं, म्हणजे लंडनच्या तेव्हाच्या स्थानिक प्रशासनानं, शहराबाहेरची शेतं ताब्यात घेतली. १९२१ मध्ये पहिली घरं उभी राहिली आणि १९३५ पर्यंत सुमारे २६ हजार घरं झाली, लाखाहून जास्त माणसं राहायला आली. त्याच सुमारास मुंबईत बीडीडी चाळी बांधल्या जात होत्या. तिथे १६० चौरस फुटांची खोली आणि मजल्यावर सामायिक संडास. साम्राज्य एकच, काळही तोच. इथल्या कामगाराला मात्र पुढेमागे बाग, न्हाणीघर आणि घरातच संडास! मला याचा अजून राग येतो.

वसाहतीच्या रचनेत मला सगळ्यात आवडतात ते इथले 'बॅन्जो'. मुख्य रस्त्यावरून एक अरुंद गल्ली आत शिरते, टोकाला गोल होते आणि त्या गोलाभोवती घरांची दारं एकमेकांसमोर येतात. पुढे वाटच नाही, त्यामुळे जाणारी-येणारी वाहनं आत शिरत नाहीत. मुलांनी खुशाल खेळावं. घरं बहुतेक दुमजली, छोट्या रांगांमध्ये, पुढे प्रिव्हेटच्या झुडपांचं कुंपण. बाग आणि घर नीटनेटकं ठेवण्याबद्दल भाडेकरूंना कडक नियम असत.

पण नियमित भाडं भरू शकेल त्यालाच घर मिळे, अगदी गरीब मागेच राहिले. शिवाय जवळपास पुरेसं काम नव्हतं. १९३१ मध्ये फोर्डचा कारखाना सुरू झाला, तोवर अनेकांना रोज लांबचा प्रवास करावा लागे.

१९८० च्या कायद्यानं भाडेकरूंना सवलतीत घर विकत घ्यायचा हक्क मिळाला. ज्यांना आयुष्यात पहिल्यांदा मालकीचं घर मिळालं त्यांचा आनंद खरा होता. पण विकलेल्या घरांच्या जागी पुरेशी नवी बांधली गेली नाहीत, हा अन्याय पुढच्या पिढीवर झाला. त्यातली कित्येक घरं आता खासगी मालक भाड्यानं देतात. अनेक ठिकाणी कुंपण उपटून अंगणात फरशी घातलीय, वर गाडी उभी.

लंडनला आलात तर इथलं व्हॅलेन्स हाउस संग्रहालय जरूर बघा. वसाहतीच्या कितीतरी आधीचा तो वाडा आहे. तिथून निघाल्यावर एखाद्या बॅन्जोत शिरून पाहा.