फ्रिजच्या मागे सापडल्या, बोला

गेल्या जुलैमधली गोष्ट. परळला आमच्या बिल्डिंगमधे दोघांना डेंग्यू झाला, तिसऱ्या मजल्यावरच्या काकू आणि त्यांचा नातू, आणि झालं, सोसायटीच्या ग्रुपवर एकच धोशा, धूरवाल्याला बोलवा, धूरवाल्याला बोलवा. त्यात मी सगळ्यात पुढे बरं का, पालिकेच्या १९१६ वर फोन पण मीच लावला.

तर पालिकेच्या कीटकनाशक खात्याचे दोघं आले. एकाच्या हातात टॉर्च, दुसऱ्याच्या हातात आमच्या सासूबाईंच्या ओगराळ्यासारखं काहीतरी, फक्त दांडा लांब. मशीन नाहीच! म्हटलं, "दादा, धूर?" तर म्हणे, "धुराने उडणारा डास मरतो ताई, पाण्यातल्या अळीला काय होत नाय. आठ-दहा दिवसांनी परत नवीन तयार. आधी पाणी बघू द्या."

मग गच्चीवर गेले. टाकीचं झाकण फुटकं, वर चढायची शिडी गंजलेली. टाकीत, विहिरीत होतो तो मलेरियाचा अ‍ॅनोफिलीस, आणि डेंग्यूचा एडिस म्हणजे घरातला, त्याला वाटीभर स्वच्छ पाणी पुरतं आणि चावतो पण दिवसाढवळ्या. हे सगळं जिना उतरता उतरता सांगितलं त्यांनी, मला तर धाप लागलेली.

आमच्याकडे मनी प्लांटची बाटली बघितली, ठीक. कुंडीखालची ताटली कोरडी. मी आपली खुशीत, चहा टाकू का वगैरे. तेवढ्यात तो म्हणाला, "फ्रिज जरा पुढे घ्या." मागे खाली एक ट्रे असतो, अकरा वर्षं त्या घरात राहतेय मी, मला त्याचा पत्ताच नाही. टॉर्च मारला तर आत बोटभर पाणी, धुळीचा थर, झुरळाचा एक पाय, आणि काळे बारीक स्वल्पविराम वळवळतायत, उजेड पडला की खाली सूर मारतायत. सासूबाई मागून, "अगोबाई, पाळलेत की गं!"

ट्रे मी मोरीकडे नेत होते तर त्याने अडवलं. मातीत ओता म्हणाला, पाण्यात गेल्या तर जगतील. आणि नुसतं ओतून भागत नाही, काठाला अंडी चिकटलेली असतात, ती कोरडी पडून महिनोन्महिने टिकतात, म्हणून घासायचं, दर आठवड्याला.

चहा घेताना कळलं, तो आधी याच खात्यात रात्रपाळीला होता, काठी आणि टॉर्च घेऊन उंदीर मारायला. रात्रीत तीस, सकाळी मोजून द्यायचे. उंदराच्या मुतातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप होतो, त्यामुळे तुंबलेल्या पाण्यातून चालत आलात तर ७२ तासांच्या आत दवाखान्यात जाऊन गोळी घ्या, हे त्याने मला इतक्या कळकळीने सांगितलं की बिस्किट चहात पडलं त्याचं.

टाकीसाठी सोसायटीला नोटीस आली, १८८८ च्या पालिका कायद्याचं कलम ३८१ बी, डासांची पैदास होऊ देऊ नका म्हणून. सेक्रेटरी काका आठवडाभर फुगलेले. मी ग्रुपवर "टाकीचं झाकण फुटलंय" एवढंच टाकलं होतं, ट्रेचं नाही. ते आज पहिल्यांदा सांगतेय. बिल्डिंगमधलं कोणी वाचत असेल तर प्लीज, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना सांगू नका.