तुम्ही विचारलंत म्हणून: पहिल्याच अल्बममध्ये दुसऱ्यांची गाणी का घेतली?

अल्बम आल्यापासून हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता एकदा नीट बसून लिहूनच टाकते. अल्बममध्ये ११ गाणी आहेत, ६ माझी आणि ५ जुन्या क्लासिक रॉकची कव्हर्स, म्हणजे दुसऱ्यांची गाणी आपल्या पद्धतीने गायलेली, आणि समोरचा माणूस कितीही प्रेमाने बोलत असला तरी दोन वाक्यं झाली की विचारतोच, अगं तुझी स्वतःची गाणी चांगली आहेत की, मग पहिल्याच अल्बममध्ये दुसऱ्यांची कशाला घेतलीस? कुणी काळजीने विचारतं, कुणी जरा नाराज होऊन, आणि एकाने तर सरळच विचारलं, गाणी कमी पडली का म्हणून.

कमी नव्हती पडली. माझी ९ गाणी तयार होती. त्यातली ३ मीच काढून टाकली आणि ती या कव्हर्समुळेच काढली, ते पुढे सांगते.

आधी एक सांगायला हवं, कारण बऱ्याच जणांना वाटतं की खरा कलाकार पहिल्या दिवसापासून फक्त स्वतःचंच गातो. बॉब डिलनच्या १९६२ च्या पहिल्या अल्बममध्ये १३ गाणी आहेत आणि त्यातली त्याने स्वतः लिहिलेली दोनच. बीटल्सच्या १९६३ च्या पहिल्या अल्बममध्ये १४ पैकी ६ दुसऱ्यांची, आणि रोलिंग स्टोन्सच्या पुढच्या वर्षीच्या पहिल्या अल्बमवर तर बँडमधल्याच जॅगर-रिचर्ड्स या जोडीच्या नावाने एकच गाणं आहे. आणि आपण स्वतः काय करतो, एखादी बंदिश शंभर जणांनी गायलेली असते तरी तिला कुणी कव्हर म्हणत नाही, उलट हिची कशी, त्याची कशी हे ऐकायलाच आपण बसतो ना. पण त्यांनी केलं म्हणून मी केलं असं नाहीये, ते नुसतं तुमची भीती जावी म्हणून सांगितलं.

माझं कारण असं की स्वतःचं गाणं गाताना मला माझा आवाज ऐकूच यायचा नाही. म्हणजे डेमो, ते पहिलं कच्चं रेकॉर्डिंग, लावला की मला ऐकू यायचं ते मला काय म्हणायचं होतं ते, ती ओळ मी कुठल्या रात्री लिहिली, कुणासाठी लिहिली, सगळं आठवायचं आणि त्या आठवणीच्या भरात गळा काय करतोय याच्याकडे लक्षच जायचं नाही. कव्हरमध्ये ती सोय नसते. चाल पक्की, शब्द पक्के, पन्नास-साठ वर्षं लोकांच्या ओठांवर असलेले, आता जे काही कमीजास्त होईल ते फक्त गाणाऱ्याचं.

सगळ्यात जास्त शिकवलं ते 'द हाउस ऑफ द रायझिंग सन'ने. मी ते अॅनिमल्स या ब्रिटिश बँडचं ऐकूनच मोठी झाले, १९६४ चं ते रेकॉर्डिंग, त्यांचा गायक एरिक बर्डनचा तो खोलातून येणारा आवाज, आणि त्यात ही एका बिघडलेल्या पोराची गोष्ट आहे, सो मीही इतकी वर्षं पोरगा होऊनच गात होते, कधी खटकलंच नाही. मग रेकॉर्डिंगच्या तयारीत जुन्या आवृत्त्या शोधायला लागले तेव्हा कळलं की हे लोकगीत आहे आणि १९३७ साली लोकगीतं गोळा करणाऱ्या अॅलन लोमॅक्सने केंटकीमध्ये जॉर्जिया टर्नर नावाच्या १६ वर्षांच्या मुलीकडून ते रेकॉर्ड करून घेतलं होतं, आणि तिच्या तोंडी ती मुलीची गोष्ट आहे! डिलनने सुद्धा त्या पहिल्या अल्बममध्ये ते मुलगी म्हणूनच गायलंय. मी ऐकलेला पोरगा तो अॅनिमल्सच्या आवृत्तीतला. एका शब्दाचा फरक आहे हो, पण मी तो शब्द परत बदलून गायले आणि गाण्याचं वजनच हललं. पोरगा सांगतो की त्या घराने माझी वाट लावली, तेव्हा आपल्याला जुगार नि दारू दिसते. मुलगी सांगते की मला आता परत त्याच घरात जायचंय, तेव्हा तिथे तिची वाट कोण बघत असेल हा विचार येऊन अंगावर काटा येतो. त्या दिवशी मला पुढे गाताच आलं नाही, आम्ही तसेच घरी गेलो.

मग पट्टीचा प्रश्न. अॅनिमल्सचं गाणं ए मायनरमध्ये, म्हणजे पांढरी सहा, आणि बर्डन आधी खालच्या सप्तकात गातो नि मग अचानक वरच्या सप्तकात उडी मारतो, सगळी मजा त्या उडीत आहे. माझं काय व्हायचं, खाली तळ लागायचा नाही आणि वर गेलं की नुसती किंचाळी. बरेच दिवस घालवले त्यात. शेवटी पांढरी तीनवर आणलं आणि उडीच काढून टाकली, अख्खं गाणं खालीच, ड्रमरला म्हटलं काठ्या ठेव आणि ब्रश घे, तो सहा मात्रांचा झोका राहू दे, दादऱ्यासारखा, बाकी काही नको. तिसरा टेक अल्बमवर आहे.

आणि तो टेक ऐकताना पहिल्यांदा मला कळलं की माझ्या आवाजात जे काही आहे ते खाली आहे. मी मात्र रॉक म्हणजे वरचा आवाज असं डोक्यात घेऊन माझी सगळी गाणी उंच लिहून बसले होते! त्यातली दोन मग दोन-दोन पट्ट्या खाली उतरवली आणि नव्याने रेकॉर्ड केली. ज्यांना ती दोन आवडतात (आणि बहुतेकांना तीच आवडतात) त्यांनी लक्षात घ्या, ती या कव्हरशिवाय अशी झालीच नसती.

गाणं निवडताना प्रश्न एकच ठेवला होता, यात मला करण्यासारखं काही उरलंय का. जो कॉकर या गायकाने बीटल्सचं 'विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स' कसं केलं आठवा, त्यांचा ड्रमर रिंगोने गायलेलं ते मजेत चालणारं चारच्या ठेक्याचं गाणं त्याने संथ करून तीनच्या झोक्यात टाकलं आणि त्याची जणू प्रार्थना केली. त्याचा १९६९ चा पहिला अल्बम त्याच नावाचा आहे आणि त्यातही कव्हर्स नि त्याची स्वतःची गाणी शेजारी शेजारी आहेत, मी तो किती वेळा ऐकला असेन.

एका गाण्यावर मात्र हरले. रोलिंग स्टोन्सचं 'गिमी शेल्टर', १९६९ चं. त्यात मेरी क्लेटन ही गायिका त्यांच्यासोबत गायलीय, तिला रात्री उशिरा झोपेतून उठवून स्टुडिओत बोलावलं होतं, गरोदर होती, केसांना कर्लर लावलेले तशीच आली, आणि वरच्या सुरावर तिचा आवाज फाटतो ते रेकॉर्डिंगमध्ये तसंच ठेवलंय, मागे कुणीतरी थक्क होऊन ओरडतं तेही ऐकू येतं. पुढच्या वर्षी तिने तेच गाणं स्वतः अख्खं गायलं, तिच्या पहिल्या सोलो अल्बमला नावही तेच दिलं. मला ते हवंच होतं. दोन संध्याकाळी गात राहिले, आणि प्लेबॅक ऐकला तर बरोब्बर तिच्याच जागेवर मी आवाज फाडत होते, मुद्दाम, प्रत्येक टेकला. तिचा आवाज त्या रात्री खरंच फाटला होता, माझा मी फाडत होते. ऐकवेना. ते गाणं काढलं, आणि वर घसा बसला तो चार दिवस, पुढच्या तारखा हलवाव्या लागल्या.

आता ती माझी ३ गाणी. कच्चा मिक्स एकापाठोपाठ लावून ऐकत होतो तेव्हा लक्षात आलं की 'रायझिंग सन'मध्ये प्रत्येक अंतरा गोष्ट पुढे नेतो, आई, मग बाप, मग बाकीच्यांना सांगणं की असं करू नका, आणि शेवटी ती स्टेशनवर, एक पाय गाडीत. लगेच पुढे माझं गाणं लागलं आणि त्यात दुसरा अंतरा म्हणजे पहिलाच, फक्त शब्द वेगळे. अशी ३ निघाली. चौथंही तसंच होतं पण त्याची चाल मला सोडवेना म्हणून दुसरा अंतरा पूर्ण नवा लिहिला, ११ दिवस लागले, ते आता अल्बममध्ये पाचवं आहे.

हक्कांचंही विचारता, तर थोडक्यात, गाणं लिहिणाऱ्याचा हक्क वेगळा आणि रेकॉर्डिंगचा वेगळा. आपण नव्याने गायलो तर रेकॉर्डिंग आपलं, पण शब्द-चालीचं मानधन लिहिणाऱ्याकडे जायलाच हवं आणि गेलंच आहे. लोकगीत कुणाचं नसतं पण त्याची अरेंजमेंट, म्हणजे ते कसं वाजवायचं-गायचं याची मांडणी, कुणाची तरी असू शकते, अॅनिमल्सच्या रेकॉर्डवर अरेंजमेंटला फक्त त्यांच्या ऑर्गनवाल्या अॅलन प्राइसचं नाव आहे, बाकी चौघांचं नाही, आणि सुरुवातीची ती प्रसिद्ध गिटार वाजवली ती हिल्टन व्हॅलेंटाइनने, हे मला अजूनही लागतं. आमच्यात ती गिटार नाहीच, आम्ही ऑर्गनच्या एका लांब सुरावर सुरू करतो. आणि अरेंजमेंटमध्ये आम्ही चौघं होतो, सो चौघांची नावं लिहिली आहेत.

क्रम लावायला सगळ्यात जास्त वेळ गेला. कव्हर्स एका बाजूला नि माझी एका बाजूला असं बऱ्याच जणांनी सुचवलं, मला ते नको होतं. चौथं 'रायझिंग सन' आहे आणि पाचवं ते नव्या अंतऱ्याचं माझं, दोन्ही एकाच पट्टीत, आणि मधली जागा बाकीच्या गाण्यांच्या निम्मी ठेवलीय. म्हणून एक विनंती आहे, शफल बंद करून ती दोन एकदा लागोपाठ ऐका, हेडफोन लावून. चौथ्याच्या शेवटी ऑर्गनचा सूर विरत असतो आणि तो पुरता विरायच्या आत कुणीतरी श्वास घेतं, तो श्वास पाचव्या गाण्याचा आहे.